धुक्यातली हळद आणि लॉग टेबल

भाचा लॅपटॉप काखोटीला मारून आला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी बिनसलंय. मित्राच्या बहिणीच्या हळदीचं शूटिंग त्यानं अंगावर घेतलं होतं. कॅमेरा सेकंडहँड, पण चांगला मिररलेस. "मामा, सेन्सर गेला बहुतेक," म्हणत त्यानं क्लिप लावली. अंगणात धुकं उतरावं तसं सगळं फिकट दिसत होतं. हळद राखट, आंब्याचे टहाळे मळकट. "सगळे सांगतात लॉगमध्ये शूट कर, सिनेमॅटिक येतं. हे काय आलं?" लॉग म्हणजे कॅमेऱ्यातला रेकॉर्डिंगचा एक मोड, लॉगरिदमवरून नाव पडलेला.

मग दुसरी क्लिप. हिच्यावर त्यानं नेटवरून फुकट उतरवलेली एक 'लट', म्हणजे चित्राचे रंग बदलणारी तयार फाइल, टाकली होती. हळद शेंदरी झालेली, नवरीची आत्या विटेच्या रंगाची, आणि तिच्या काकांचं पांढरं धोतर म्हणजे नुसता पांढरा डाग. ना निरी दिसत होती, ना चुणी.

सेन्सर ठणठणीत होता. धुकं हा बिघाड नव्हताच, ती आकड्यांची काटकसर होती. विटेच्या आत्याचं कारण मात्र वेगळं, त्याकडे नंतर येतो.

सेन्सर हा मुळात इमानी कारकून. फोटॉन दुप्पट आले की त्याचा आकडा दुप्पट. बारा बिटांत त्याच्याकडे एकूण ४०९६ आकडे असतात. प्रकाश एकदा दुप्पट झाला की कॅमेरावाले त्याला एक स्टॉप म्हणतात. आता वाटणी बघा. सगळ्यात उजळ स्टॉप, म्हणजे कमाल प्रकाशापासून त्याच्या निम्म्यापर्यंत, यालाच २०४८ आकडे जातात. त्याखालच्या स्टॉपला १०२४. मग ५१२, २५६, १२८, ६४, ३२, १६, ८. धोतराच्या झगझगीत भागाला दोन हजार छटा आणि मांडवाच्या कोपऱ्यात बसलेल्या आजीच्या नऊवारीला आठ. थोरल्या भावानं अख्खी शेती घ्यावी आणि धाकट्याला बांध द्यावा, तसला प्रकार.

डोळ्याला ही वाटणी पटत नाही. अंधाऱ्या देवघरात एक निरांजन तेवत असेल आणि शेजारी दुसरं लावलं, तर फरक लगेच कळतो. तेच दुसरं निरांजन हॅलोजनच्या झगमगाटातल्या मांडवात लावा, कुणाचं लक्षही जाणार नाही. वाढलेला प्रकाश दोन्हीकडे तेवढाच, पण डोळा किती वाढला हे बघत नाही, किती पट वाढला हे बघतो. अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाला हाच नियम वजनांच्या प्रयोगात दिसला होता. गुस्टाव्ह फेक्नरनं १८६० साली त्याला गणिती रूप दिलं: संवेदना उद्दीपनाच्या लॉगरिदमनुसार वाढते. अगदी मंद आणि अगदी प्रखर प्रकाशात हा नियम ढळतो, पण मधल्या मोठ्या पट्ट्यात बरा चालतो.

मग आकडेही डोळ्याच्या हिशेबानं का वाटू नयेत? फिल्मच्या जमान्यातच याचं उत्तर सापडलं होतं. फिल्मवरचा काळेपणा प्रकाशाच्या लॉगरिदमनुसार कसा वाढतो, याचा आलेख हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० मध्येच मांडला होता. पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोडॅकच्या सिनिऑन पद्धतीत निगेटिव्ह स्कॅन करून दहा बिटांच्या लॉगमध्ये साठवायला लागले. त्यातल्या ० ते १०२३ आकड्यांपैकी काळा ९५ वर आणि पांढरा ६८५ वर धरला होता. वरचे तीनशेहून जास्त आकडे पांढऱ्याहूनही उजळ गोष्टींसाठी राखीव: दिव्याची ज्योत, भांड्यावरची चमक. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांचे लॉग याच घराण्यातले. सोनीच्या एस-लॉग३ मध्ये प्रकाश दुप्पट झाला की दहा बिटांतला आकडा साधारण ७९ ने वाढतो. अगदी खालचा काळोख सोडला, तर प्रत्येक स्टॉपला ७९. धाकट्यालाही तेवढेच, थोरल्यालाही तेवढेच.

असं चित्र जसंच्या तसं पडद्यावर टाकलं की पांढरा मध्येच कुठेतरी थांबतो, काळा राखाडी होतो आणि सगळीकडे धुकं. हे चित्र बघायसाठी नसतंच, साठवायसाठी असतं. लोणच्याच्या बरणीतलं मीठ बघून कुणी म्हणत नाही की जेवण खारट झालं.

एक सावधगिरी मात्र हवी. आठ बिटांत लॉग शूट केलं तर स्टॉपमागे जेमतेम वीस आकडे उरतात. मग कॉन्ट्रास्ट ताणला की मागच्या भिंतीवर एलईडी पार दिव्याचा जो प्रकाश हळूहळू विरायला हवा, त्याचे जिन्यासारखे पट्टे पडतात. त्यात आपला डोळा पट्ट्यांच्या कडा आहेत त्याहून ठळक करून दाखवतो. हे अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये दाखवून दिलं होतं. भाच्यानं नशिबानं दहा बिटांत शूट केलं होतं.

आता आत्या. लट म्हणजे लुकअप टेबल. बारावी सायन्सवाल्यांनी ती ओळखायला हवी, कारण आपण सगळ्यांनी ती दोन वर्षं दप्तरात वागवलीय: लॉग टेबलची पुस्तिका! ओळ बघा, रकाना बघा, उत्तर उतरवा. लटही तेच करते. लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे आत गेले की तीन नवे आकडे बाहेर. दहा बिटांत तीन रंगांच्या जोड्या १०७ कोटींच्या वर होतात. एवढं टेबल कोण छापणार? म्हणून एका घनाच्या प्रत्येक बाजूवर ३३ ठिकाणं घेतात आणि ३३ × ३३ × ३३ म्हणजे ३५,९३७ बिंदूंचीच उत्तरं लिहून ठेवतात. मधल्यांसाठी? पुस्तिकेत उजवीकडे मीन डिफरन्सचे रकाने असायचे, आठवतात? अगदी तेच.

फक्त इथं ते तीन मितींत करायचं असतं. रंग ज्या छोट्या घनात पडला त्याच्या आठही कोपऱ्यांची सरासरी काढता येते, पण त्यात करड्या छटांना कधीकधी रंगाची झाक लागते. म्हणून तो घन काळ्या कोपऱ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या कर्णाभोवती सहा चतुष्फलकांत चिरतात आणि रंग ज्या फोडीत पडला तिचे चारच कोपरे वापरतात. करडे रंग बरोबर त्या कर्णावर बसतात, कर्ण सहाही फोडींचा सामाईक, त्यामुळे करड्याचं उत्तर कर्णाच्या दोन टोकांवरूनच निघतं. भिंत पांढरी होती तर पांढरीच राहते. (मला हे इतकं देखणं वाटतं की भाच्याला बटाटा चिरून दाखवला. तो तोवर मोबाइल बघत होता.)

टेबलाला स्वतःची अक्कल नसते. आत आलेला आकडा कुठल्या हिशेबातला, हे त्याला कळत नाही. भाच्याच्या निम्म्या क्लिप लॉगमध्ये होत्या, निम्म्या साध्या मोडमध्ये, कारण बॅटरी बदलल्यावर तो सेटिंग बघायला विसरला. नीट एक्स्पोज केलेल्या पांढऱ्या धोतराचा आकडा एस-लॉग३ मध्ये ५९८ च्या आसपास येतो, साध्या मोडमध्ये ९०० च्या घरात. लटनं ९०० बघितला आणि लॉगच्या हिशेबानं समजली की हे पांढऱ्याच्या चौदापट प्रखर आहे. झालं, धोतर जळालं. आधीच भरलेले रंग पुन्हा ताणले गेले, हळद शेंदरी झाली आणि आत्या वीट. लॉगच्या पुस्तिकेत अँटिलॉग बघून पेपर सोडवल्यासारखं.

म्हणून 'शेकडो सिनेमॅटिक लट, ऑफर आज रात्री संपणार' असल्या जाहिराती दिसल्या की मला एसटी स्टँडवरचे ताईत आठवतात. तुमचा कॅमेरा, तुमचा प्रकाश, तुमचं एक्स्पोजर काहीही असो, बांधा आणि निर्धास्त व्हा! त्यातच 'ऑरेंज-टीलनं मेंदूत अमुक रसायन सुटतं' अशी फोडणी. रसायन राहू द्या. माणसाची कातडी नारिंगी पट्ट्यात पडते, टील म्हणजे हिरवट निळा, रंगचक्रात तिच्या समोरचा रंग, म्हणून चेहरा मागच्या दृश्यातून उठून दिसतो. एवढंच आहे ते.

पैसे न टाकता मिळणारी खरी साधनं वेगळीच आहेत. दाविंची रिझॉल्व्ह या रंगकामाच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती घरगुती कामाला भरपूर होते, आणि तिच्यात वेव्हफॉर्म (उजेड किती, हे दाखवणारा आलेख) आणि व्हेक्टरस्कोप (रंग कुठल्या दिशेचा, हे दाखवणारा) दोन्ही आहेत. चित्रपटाच्या ज्या डिजिटल रंगकामाला मुंबईत डीआय म्हणतात, ते करणारा मोठ्या स्टुडिओतला कलरिस्टही याच दोन आलेखांवर नजर ठेवतो. २००० सालच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या चित्रपटात भर उन्हाळ्यातली मिसिसिपीची हिरवी झाडी वाळलेल्या पिवळ्या रंगाची केली होती. अख्खा चित्रपट डिजिटल पद्धतीनं रंगवलेल्या पहिल्या हॉलिवूडपटांपैकी तो एक. तेव्हा हे फक्त मोठ्या स्टुडिओला परवडत होतं.

व्हेक्टरस्कोपवर कातडीची एक तिरकी रेघ असते. गोरा, सावळा, काळा, कुणाचाही चेहरा नीट प्रकाशात धरा, ठिपके त्या रेघेच्या आसपासच पडतात. मेलॅनिन आणि रक्त सगळ्यांचं तेच, त्यामुळे फरक मुख्यतः उजेडाचा, रंगाच्या दिशेचा फारसा नाही. आम्ही क्लिप वेगळ्या केल्या. लॉगवाल्यांना त्यांच्याच लॉगचं रूपांतर लावलं, साध्यांना लट काढून टाकली, आणि आत्याला ओढून रेघेवर आणलं. धोतराच्या चुण्या परतल्या. एका क्लिपमध्ये मात्र सेन्सरच भरून वाहिला होता, तिथला पांढरा डाग तसाच राहिला. जे नोंदलंच गेलं नाही ते कुठलं टेबल आणणार?

दोन दिवसांनी नवरीच्या आईचा फोन आला. सगळं छान झालंय, फक्त "नवरीला जरा उजळ करा ना". भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मुलगी मुळात सावळी, हळदीत देखणी दिसत होती, रेघेवर अचूक बसलेली. त्यानं तिला हातही लावला नाही. मागची भिंत तेवढी अर्ध्या स्टॉपनं खाली ओढली. गडद पार्श्वभूमीवर तोच चेहरा डोळ्याला जास्त उजळ वाटतो.

"आता बघा कशी दिसतेय," आई म्हणाल्या.