तुरटीनं पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत

जुलैत पन्हाळा-पावनखिंड मोहीम निघाली की सॅकमध्ये तुरटीचा खडा टाकून 'पाण्याची सोय झाली' म्हणणारे भेटतातच. तुरटीनं गाळ खाली बसतो. जंतू मारायला क्लोरीन लागतं, नाहीतर उकळी.

उकळण्यात फारसं गूढ नाही: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट. सह्याद्रीत कुठंही तेवढं पुरतं. वीस मिनिटं गॅस जाळणं हा निव्वळ खुळेपणा. पण भर पावसात ओलं सरपण पेटत नाही, म्हणून क्लोरीनच्या गोळ्या.

खरा घोळ पुढं आहे. ओढ्याचं तांबडं पाणी तुरटीनं काचेसारखं होतं, कारण मातीचे कण एकमेकांना चिकटून तळाला जातात. काही जंतूही त्यांच्यासोबत बसतात, पण वर उरलेले जिवंतच असतात आणि पोट बिघडवायला तेवढे पुरतात. उलट, तांबड्या पाण्यात थेट गोळी टाकली तर क्लोरीन कुजका पाला नि शेणकाल्यावरच खर्ची पडतं, शिवाय मातीच्या कणांआडचे जंतू वाचतात. म्हणून आधी तुरटी, मग गोळी. दोन्ही एकदम टाकू नका.

सुती कापडाच्या चार पदरांतून पाणी गाळा. खडा चार-पाच वेळा फिरवून बाहेर काढा. पाणी तुरट लागलं तर जास्त झाली. अर्धा-पाऊण तास न हलवता ठेवा आणि वरचं नितळ पाणी अलगद ओता. मग गोळी. पाकीट वाचा, कारण काही गोळ्या एका लिटरच्या असतात, काही वीस लिटरच्या. टोपण सैल करून बाटली थोडी कलती करा, म्हणजे आट्यांतलं कच्चं पाणीही धुतलं जाईल. मग तीस मिनिटं थांबा. शेवटी क्लोरीनचा हलका वास यायलाच हवा. नसेल तर पुन्हा तेवढीच मात्रा, पुन्हा अर्धा तास.

त्या वासाला नाक मुरडून लगेच सरबताची पावडर ढवळणाऱ्यांपुढे तर हात टेकावेत. त्यातलं क जीवनसत्त्व क्लोरीन तिथल्या तिथं निकामी करतं. सरबत करायचंच, तर अर्ध्या तासानंतर.

क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, तिथं उकळणंच. आणि उसाच्या शिवारातून आलेल्या पाण्यातलं तणनाशक यातल्या कशानंच जात नाही. ते पाणी सोडा आणि शेतांच्या वरच्या अंगाचा झरा गाठा.