स्क्रीन बंद पडली तरी पंप चालू का राहतो?

पाणीपुरवठा केंद्राच्या नियंत्रण कक्षात मोठ्या स्क्रीनवर टाक्या, पंप आणि व्हॉल्व्ह यांचे रंगीत चित्र दिसते. पाहणाऱ्याला साहजिकच वाटते की, सगळा कारभार तो संगणकच हाकत असणार. पण नीट उभारलेल्या केंद्रात हा संगणक बंद पडला तरी पंप आपले काम करत राहतात, कारण निर्णय जितका तातडीचा, तितका तो यंत्राच्या जवळ घ्यायचा, असा या मांडणीचा पायाच आहे.

सुरुवात टाकीपाशी करू. 10 मीटर खोल टाकीची पातळी मोजणारा ट्रान्समीटर पॅनेलकडे 4 ते 20 मिलीअँपिअर विद्युतप्रवाह पाठवतो. टाकी रिकामी असताना 4, भरल्यावर 20, आणि 12 म्हणजे 5 मीटर पाणी. मोजणी शून्याऐवजी 4 पासून सुरू करण्यात मोठे शहाणपण आहे. उंदराने तार कुरतडून तोडली तर प्रवाह थेट शून्यावर येतो, त्यामुळे ‘टाकी रिकामी आहे’ आणि ‘तार तुटली आहे’ यांत गल्लत होत नाही.

ही तार पीएलसीच्या (प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजे यंत्रांजवळ बसवलेला औद्योगिक नियंत्रक-संगणक) इनपुट कार्डावर येते. 1968 साली अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत शेकडो रिलेंनी (विजेवर चालणाऱ्या स्विचांनी) भरलेली पॅनेल असत आणि मोटारीचे मॉडेल बदलले की त्यांची वायरिंग पुन्हा करावी लागे. त्यावर उपाय म्हणून डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मोडिकॉन 084’ हा सुरुवातीचा पीएलसी घडवला. त्याची आज्ञावली शिडीसारख्या रिले-आकृतीच्या रूपात लिहिली जाई, म्हणजे कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ती वाचता येई. ही लॅडर पद्धत आजही वापरात आहे, आणि नवे तंत्र वापरणाऱ्याच्या हाती जुन्याच भाषेत देण्याचे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

पीएलसी एकच फेरा अखंड मारत असतो: सगळे इनपुट वाचायचे, आज्ञावली वरून खालपर्यंत चालवायची, मग आउटपुट बदलायचे. फेऱ्याला साधारणपणे काही मिलीसेकंद ते काही दहा मिलीसेकंद लागतात. पाणी 2 मीटरपर्यंत उतरले की पंप सुरू आणि 8 मीटरला बंद, असे दोन वेगळे आकडे मुद्दाम ठेवले जातात. एकच आकडा ठेवला तर लाटांमुळे पंप सारखा चालू-बंद होऊन मोटर तापेल. फेरा ठरलेल्या वेळेत पूर्ण झाला नाही, तर वॉचडॉग टायमर पीएलसीला थांबवतो आणि आउटपुट ठरवून दिलेल्या सुरक्षित स्थितीत जातात.

स्काडाचे, म्हणजे नियंत्रण कक्षातून देखरेख करणाऱ्या प्रणालीचे, सॉफ्टवेअर या सगळ्याच्या वर बसते. ते पीएलसीकडून ठरावीक अंतराने आकडे मागवते, आलेख काढते, नोंदी साठवते, अलार्म वाजवते आणि ऑपरेटरच्या सूचना खाली पोहोचवते. म्हणजे स्क्रीन जे दाखवते, ते खालून सांगितलेलेच असते. 2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक संगणक-प्रोग्रामने नेमका याचाच फायदा घेतला. इराणमधील नतान्झ अणुकेंद्रातल्या सेंट्रिफ्यूजचा (युरेनियम समृद्ध करणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या यंत्रांचा) वेग बदलत असताना त्याने आधी नोंदवलेले सुरळीत आकडे वर पाठवले, आणि ऑपरेटरला सारे ठीक दिसत राहिले.

म्हणूनच पंपाशेजारच्या लाल बटणाची तार केवळ आज्ञावलीच्या भरवशावर सोडलेली नसते. ते बटण दाबले की कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलचा पुरवठा थेट तुटतो, मग पीएलसी काहीही म्हणो.