गोळीच्या धक्क्यानं गवा उडत नाही

नागपुरात जुन्या शिकारीच्या गप्पा निघाल्या की हमखास ऐकू येतं: हातानं भरलेल्या काडतुसात दारू वाढवली की गवा नुसत्या धक्क्यानं आडवा होतो. साफ चूक! 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर इथली शिकार थांबली, समज मात्र टिकला.

.375 रायफलची 19 ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण 770 मीटर वेगानं सुटते. तिचा सगळा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) 800 किलोच्या गव्याला मिळाला, तरी तो सेकंदाला जेमतेम 2 सेंटिमीटर सरकेल. तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच धक्का बंदूकवाल्याच्या खांद्याला बसतो. तो कुठे उडतो?

मेंदू किंवा मणका फुटला तरच जनावर जागीच कोसळतं. हृदयाला लागूनही ते बरंच अंतर पळतं. दारू वाढवल्यानं चेंबरमधला (काडतूस बसतं त्या खोबणीतला) दाब मात्र झपाट्यानं चढतो, पितळी पुंगळी फाटते आणि तप्त वायू थेट बंदूकवाल्याच्या तोंडावर येऊ शकतो.