लॅपटॉप फर्मवेअर : बूट पद्धत आणि डिस्क कंट्रोलरची निवड

लॅपटॉपचे बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स ताबा घेईपर्यंत मदरबोर्डवरच्या चिपमधला जो छोटा प्रोग्राम यंत्र चालवतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून त्याचे नाव बायोस. आजच्या लॅपटॉपमध्ये त्याची जागा यूईएफआय या नव्या फर्मवेअरने घेतली आहे, पण बोलताना सगळे ‘बायोसमध्ये जा’ असेच म्हणतात. मशीन सुरू होताना एफ२, एफ१०, डिलीट अशी कंपनीनुसार ठरलेली कळ दाबली की त्याची सेटिंग उघडतात. पर्याय पुष्कळ दिसतात. वेगाशी संबंध मात्र मुख्यतः दोन गोष्टींचा असतो : ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या पद्धतीने बूट म्हणजे सुरू करायची आणि डिस्कशी देवाणघेवाण सांभाळणारा डिस्क कंट्रोलर कोणत्या मोडमध्ये चालवायचा.

या दोन्ही ठिकाणचे जुने पर्याय जुन्या सॉफ्टवेअरची सोय म्हणून ठेवलेले असतात. नवी डिस्क जुनी असल्यासारखी दाखवायची आणि नवे मशीन १९८१ च्या पद्धतीने सुरू करायचे, एवढेच त्यांचे काम. ती सोय गरज नसताना चालू राहिली की चांगले हार्डवेअर अडून बसते. म्हणून योग्य सेटिंग निवडणे म्हणजे हा अडसर काढणे. मिनिटाला ५४०० फेरे (आरपीएम) घेणाऱ्या हार्ड डिस्कला कोणतेही सेटिंग एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपची डिस्क, करू शकत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. जुना लॅपटॉप खरोखर वेगवान करायचा असेल तर पहिला खर्च एसएसडीवर करावा. सेटिंगचा विचार त्यानंतर.

बूट पद्धत. जुन्या म्हणजे ‘लेगसी’ पद्धतीत बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतो आणि त्यातल्या इवल्याशा कोडकडे काम सोपवतो. याच सेक्टरला एमबीआर म्हणतात. त्यात चारच प्रायमरी पार्टिशनांची (डिस्कच्या विभागांची) नोंद मावते आणि ५१२ बाइटच्या सेक्टरांच्या डिस्कवर सुमारे २ टेराबाइटच्या पुढची जागा त्याला मोजता येत नाही. इंटेलने आयटेनियम प्रोसेसरसाठी ईएफआय ही वेगळी रचना आखली. २००५ पासून ती अनेक कंपन्यांच्या सामाईक मंचाकडे गेली आणि यूईएफआय झाली. यूईएफआय फर्मवेअरला फाइल सिस्टिम वाचता येते. डिस्कवरच्या एका छोट्या फॅट पार्टिशनमधून बूटलोडरची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामची फाइल ते थेट उचलते आणि पार्टिशनांसाठी जीपीटी हा प्रशस्त तक्ता वापरते.

दोन्हींच्या मध्ये सीएसएम नावाचा पूल असतो. तो चालू असला की यूईएफआय मशीन जुन्या बायोसचे सोंग घेते. त्यासाठी डिस्प्ले, डिस्क आणि नेटवर्कचे जुन्या पद्धतीचे कोड आधी जागे करावे लागतात आणि त्यात वेळ जातो. विंडोज यूईएफआय पद्धतीने टाकलेले असेल तर सीएसएम बंद ठेवावा. किती वेळ वाचला हे मोजताही येते : विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपच्या पानावर ‘लास्ट बायोस टाइम’ सेकंदांत दिसतो. हा आकडा फक्त फर्मवेअरचा असतो, पुढे विंडोजला लागणारा वेळ त्यात धरलेला नसतो. आपले विंडोज कोणत्या पद्धतीने बूट होते, हे ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’ या ओळीवर लिहिलेले असते.

सीएसएम बंद करण्याआधी ती ओळ वाचलीच पाहिजे. तिथे ‘लेगसी’ असेल तर नुसते सेटिंग बदलून मशीन सुरू होणार नाही. आधी डिस्क एमबीआरवरून जीपीटीवर न्यावी लागते. त्यासाठी २०१७ पासून विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे साधन आहे आणि ते डेटा न पुसता हे काम करते. तरीही बॅकअप घेऊनच त्याला हात घालावा. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी यूईएफआय आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारी चिप) या अधिकृत अटीच आहेत, त्यामुळे नव्या मशीनवर हा प्रश्न उरलेला नाही. सिक्युअर बूटचा (सही पटलेलाच बूटलोडर चालू देणाऱ्या सोयीचा) वेगाशी म्हणण्यासारखा संबंध नाही. वेगासाठी म्हणून ते बंद करू नये.

बूटच्या क्रमातही थोडा वेळ अडकतो. ऑफिसातून निकालात निघालेल्या लॅपटॉपमध्ये नेटवर्क बूट अनेकदा यादीत वर असतो आणि मशीन आधी केबलवर सर्व्हर शोधत बसते. तो काढून डिस्क पहिली ठेवावी. फर्मवेअरमधला ‘फास्ट बूट’ काही तपासण्या आणि यूएसबी उपकरणे गाळून वेळ वाचवतो. विंडोजचा ‘फास्ट स्टार्टअप’ ही त्याहून निराळी गोष्ट आहे : बंद करताना तो कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर गोठवून ठेवतो. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हा दुसरा पर्याय बंद असलेला बरा. नाहीतर विंडोजचे पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि लिनक्सला त्यावर सुरक्षितपणे लिहिता येत नाही.

डिस्क कंट्रोलर. गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. साटा या जोडणीच्या डिस्कसाठी फर्मवेअरमध्ये साधारण तीन मोड आढळतात : आयडीई, एएचसीआय आणि रेड.

आयडीई मोडमध्ये साटा डिस्क जुन्या रुंद पट्टीच्या केबलवरच्या डिस्कसारखी वागते. एक मागणी पुरी झाल्याशिवाय दुसरी घेत नाही. इंटेलने २००४ मध्ये आणलेल्या एएचसीआयमध्ये डिस्ककडे एका वेळी ३२ मागण्यांची रांग देता येते. पोस्टमन पत्रे हाती पडतील त्या क्रमाने वाटत नाही, गल्लीनुसार लावून घेतो. फिरती हार्ड डिस्कही तशाच पद्धतीने मागण्यांचा क्रम लावते आणि हेडची धावपळ वाचवते. एसएसडीचा फायदा याहून मोठा. तिच्यात अनेक फ्लॅश चिप शेजारी शेजारी असतात आणि एकाच मागणीवर काम चालले तर बाकीच्या रिकाम्या बसतात. मोठी एकच फाइल कॉपी करताना आयडीई आणि एएचसीआयमधला फरक थोडाच दिसतो. विंडोज सुरू होताना किंवा दहा प्रोग्राम एकदम उघडताना तो चांगला जाणवतो. शिवाय डिस्क रिकामी असताना साटा जोडणी झोपवून बॅटरी वाचवण्याची सोय एएचसीआयमध्ये आहे.

मग आयडीई मोड ठेवलाच का? विंडोज एक्सपीमुळे. २००१ च्या त्या विंडोजच्या सीडीवर एएचसीआयचा ड्रायव्हर, म्हणजे ते हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम, नव्हता. इन्स्टॉल करताना एफ६ दाबून तो फ्लॉपीवरून द्यावा लागे आणि तोवर लॅपटॉपमधून फ्लॉपी गेली होती. सोपा उपाय म्हणजे बायोसमध्ये आयडीई किंवा ‘कंपॅटिबल’ निवडणे. एक्सपीसाठी तसे करून ठेवलेल्या मशीनवर पुढे विंडोज ७ टाकले, एसएसडी घातली, पण त्या सेटिंगकडे कोणी पाहिले नाही, असे घडू शकते. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा आणखी कुठून जुना लॅपटॉप घेतला, तर विंडोज टाकण्याआधी हा मोड पाहून घ्यावा.

‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. विंडोज ज्या मोडमध्ये टाकले जाते, त्याचाच ड्रायव्हर बूटच्या वेळी उचलते. व्हिस्टा किंवा विंडोज ७ आयडीईमध्ये टाकून नंतर एएचसीआय केले की निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर ७बी हा कोड असतो : बूटची डिस्कच सापडत नाही, असा त्याचा अर्थ. डिस्क बिघडलेली नसते. सेटिंग परत फिरवले की मशीन पूर्ववत सुरू होते. विंडोज ८ पासून पुढे सोपी वाट आहे. ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये सेफ बूट निवडायचे, रीस्टार्ट करताना फर्मवेअरमध्ये मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये विंडोजला योग्य ड्रायव्हर उचलू द्यायचा आणि मग सेफ बूट काढून टाकायचे.

रेड मोडचे नाव दणदणीत असले तरी एका डिस्कच्या लॅपटॉपला त्यातून वेग मिळत नाही. रेड म्हणजे अनेक डिस्कांनी मिळून काम करणे; मागण्या दोन डिस्कांत वाटायच्या तर मुळात दोन डिस्क लागतात. अनेक इंटेल लॅपटॉप कारखान्यातून ‘रेड ऑन’ किंवा इंटेल आरएसटी (डिस्क सांभाळणारी इंटेलची स्वतःची प्रणाली) लावूनच येतात. विंडोजचे काम त्यात सुरळीत चालते, म्हणून चालते आहे ते केवळ वेगाच्या आशेने बदलू नये. ऑप्टेन मेमरी, म्हणजे डिस्कचा वेग वाढवणारी इंटेलची वेगवान मेमरी, असलेल्या मशीनवर तर तिची जोडणी आधी सोडवल्याशिवाय हा मोड मुळीच बदलू नये, कारण डेटा डिस्क आणि ऑप्टेन या दोहोंत विभागलेला असू शकतो. लिनक्स टाकताना डिस्क दिसेनाशी होते, ती बहुधा याच मोडमुळे. लिनक्सच्या उबुंटू आवृत्तीचा इन्स्टॉलर आरएसटी बंद करायला स्पष्टपणे सांगतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासून लॅपटॉपमध्ये डिस्क आपल्या ताब्यात घेणारा व्हीएमडी नावाचा पर्याय आला. तो चालू असेल तर विंडोजचा इन्स्टॉलरसुद्धा डिस्क सापडत नाही म्हणतो आणि पेन ड्राइव्हवरून ड्रायव्हर द्यावा लागतो. नव्याने विंडोज टाकायचेच असेल तर व्हीएमडी आधी बंद करणे हा दुसरा मार्ग.

एनव्हीएमई एसएसडी साटा कंट्रोलरला टाळून थेट पीसीआय एक्सप्रेस या प्रोसेसरकडे जाणाऱ्या वेगवान मार्गावर बसते. २०११ मध्ये ठरलेल्या या पद्धतीत हजारो रांगा आणि प्रत्येक रांगेत हजारो मागण्या मावतात. साटाची कमाल मर्यादा सेकंदाला ६०० मेगाबाइट, तर तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या चार लेनवरची (मार्गिकांवरची) चांगली एनव्हीएमई डिस्क ३,५०० मेगाबाइटच्या आसपास वाचते. तिला एएचसीआय लागू होत नाही, तिचा ड्रायव्हर वेगळा असतो. रेड किंवा व्हीएमडी मात्र तिलाही आपल्या मागे लपवू शकतात. एम.२ खाचेत बसणारी प्रत्येक एसएसडी एनव्हीएमई असते असेही नाही. त्याच आकाराच्या साटा एसएसडी मिळतात, म्हणून विकत घेण्याआधी लॅपटॉपची खाच काय स्वीकारते ते बघावे.

कोणताही बदल करण्याआधी बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारे विंडोजचे साधन) तात्पुरते थांबवावे. फर्मवेअरची सेटिंग बदललेली दिसली की ते पुढच्या सुरुवातीला ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते आणि ती हाताशी नसेल तर स्वतःचाच डेटा कुलूपबंद होतो. जुन्या लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरचा बटण सेल संपला, तर फर्मवेअर आपली सेटिंग विसरून मूळ स्थितीला जाते. काल सुरळीत चाललेले मशीन मग आज अचानक निळ्या स्क्रीनवर अडते आणि दोष बिचाऱ्या डिस्कवर जातो. सेटिंगच्या त्या पानाचा मोबाइलवर काढून ठेवलेला एक फोटो अशा वेळी उपयोगी पडतो : सेल बदलायचा आणि मोड फोटोप्रमाणे लावायचा.