जाड कापडी नॅपी म्हणजे जास्त शू धरणारी? नाही ओ!

आमच्या बेळगावात अजून सगळ्या आज्या-काकू सांगतात, बाळ लई शू करतंय तर जाड नॅपी घ्या. पण जाडीवर काही नसतं ओ, कापड कुठलं ते बघा. मायक्रोफायबर, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्यांचं कापड, फुगीर दिसतं, पटकन ओढून घेतं, पण बाळ बसलं की दाबानं ओल बाहेर येते, आणि ते थेट कातडीला लावायचं नाही, कातडी कोरडी पडते. हेंप, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड, पातळ असूनही भरपूर धरतं, फक्त हळू शोषतं म्हणून वर, बाळाच्या बाजूला, कॉटन आणि खाली हेंप ठेवायचं. नवीन कॉटनची नॅपी पहिल्याच दिवशी गळली म्हणून टाकू नका, चार-पाच वेळा धुतल्यावर खरी शोषायला लागते, कपडे मऊ करायचं सॉफ्टनर मात्र अजिबात नको, त्याचा थर बसतो आणि कापड कमी शोषतं. आणि आपल्या जुलैच्या पावसात जाड शिवलेली नॅपी वाळतच नाही, त्यापेक्षा जुन्या सुती साडीच्या घड्या बऱ्या, उलगडून दोरीवर टाकता येतात.