चेंडूआधी पोहोचणारा निरोप

21 सप्टेंबर 2017, अमेरिकेतला बेसबॉलचा सामना. ह्यूस्टनच्या मिनिट मेड पार्क मैदानावर शिकागो व्हाइट सॉक्स संघाचा पिचर, म्हणजे गोलंदाज, डॅनी फार्कर चेंडू टाकत होता. फलंदाजाच्या (बॅटरच्या) मागे बसलेल्या कॅचरने पिचरला चेंजअपची, म्हणजे संथ चेंडूची खूण केली की यजमान ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसण्याच्या जागेच्या, बाजूने धप्प असा आवाज येई. फास्टबॉलच्या, म्हणजे वेगवान चेंडूच्या, वेळी मात्र सगळे शांत. फार्करने हे ताडले, कॅचरला जवळ बोलावले आणि खुणा बदलून घेतल्या. ॲस्ट्रोजच्या गोटात घबराट पसरली. डगआउटमागच्या बोळात लावलेला मॉनिटर घाईघाईने काढून लपवला गेला. हे सगळे मेजर लीग बेसबॉल या तिथल्या सर्वोच्च लीगच्या चौकशी अहवालात नोंदलेले आहे.

एका धप्प आवाजाला एवढे मोल का, हे समजायला बॅटरच्या जागी उभे राहावे लागते. पिचर जिथून चेंडू टाकतो ती पट्टी होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरजवळच्या पाटीपासून, 18.44 मीटरवर असते, पण पुढे पाय टाकून चेंडू सोडेपर्यंत अंतर सुमारे 16.8 मीटर उरते. ताशी 153 किलोमीटरचा फास्टबॉल ते साधारण 0.41 सेकंदात कापतो. ताशी 129 किलोमीटरच्या कर्व्हबॉलला, म्हणजे वळणाऱ्या संथ चेंडूला, जवळपास 0.49 सेकंद लागतात. बॅट फिरवायलाच सुमारे 0.15 सेकंद जातात. म्हणजे चेंडू ओळखून निर्णय घ्यायला पाव सेकंदच हाती राहतो. क्रिकेटमधला टप्पा इथे नाही. चेंडू हवेतच वाचायचा आणि बॅट शंभरांश सेकंदाने जरी चुकली तरी तोवर चेंडू 40 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. वेगवान की संथ, एवढेच आधी कळले तरी 0.08 सेकंदांचा तो गोंधळ संपतो. माहितीशास्त्राच्या भाषेत हा फक्त एक बिट, म्हणजे एका हो-नाहीचे उत्तर. बेसबॉलमधली खुणांची चोरी सव्वाशे वर्षे या एका बिटासाठी चालू आहे.

खुणा मुळात साध्या असतात. कॅचर उकिडवा बसून मांड्यांच्या मध्ये बोटे दाखवतो: 1 म्हणजे फास्टबॉल, 2 कर्व्हबॉल, 3 स्लायडर (वेगात बाजूला वळणारा चेंडू), 4 चेंजअप. पिचरच्या पाठीमागे असलेल्या दुसऱ्या बेसवर विरोधी धावपटू आला की त्याला ही बोटे थेट दिसतात. म्हणून मग कॅचर एकापाठोपाठ चार-पाच खुणा दाखवतो आणि त्यातली खरी एकच असते. कोणती, ते पिचर-कॅचरमध्ये आधी ठरलेले असते. धावपटूने नुसत्या डोळ्यांनी हे ओळखले तर ते नियमात बसते, आणि ते बसायलाच हवे, कारण ती बुद्धीची खरी लढत आहे. कॅमेरा, दुर्बीण, घड्याळ, फोन आला की तो गुन्हा.

ही कुलपे फुटतात कशी, ते एका उदाहरणात पाहू. कॅचर 3-2-1-4 अशा खुणा दाखवतो आणि फास्टबॉल येतो. पहिली खूण खरी असती तर स्लायडर आला असता, दुसरी असती तर कर्व्हबॉल, चौथी असती तर चेंजअप. उरल्या दोन शक्यता: तिसरी खूण खरी, किंवा ‘2 नंतर येणारी’ खूण खरी. पुढच्या चेंडूला तो 2-3-1-1 दाखवतो आणि स्लायडर येतो. तिसऱ्या खुणेनुसार फास्टबॉल यायला हवा होता, म्हणून ती शक्यता बाद. किल्ली सापडली: 2 नंतरची खूण. दोन चेंडूंत काम झाले. संघ ‘किती आउट झाले त्यात एक मिळवा, त्या क्रमांकाची खूण खरी’ अशा फिरत्या किल्ल्या वापरतात. त्यांना थोडे जास्त चेंडू लागतात, इतकेच. या कुलपातला मूळ दोष असा की प्रत्येक खुणेचे खरे उत्तर काही सेकंदांतच चेंडूच्या रूपाने सगळ्यांसमोर येते. सांकेतिक लिपी फोडणाऱ्याला याहून सोयीचे काय हवे! ॲस्ट्रोजच्या कार्यालयात तर त्यासाठी एक्सेलवर चालणारे ‘कोडब्रेकर’ तयार झाले होते. व्हिडिओत दिसलेल्या खुणा आणि पडलेला चेंडू नोंदवायचा, किल्ली संगणक काढून देई.

किल्ली मिळाल्यावर उरतो निरोप पोहोचवण्याचा प्रश्न, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वात शिकण्याजोगा भाग हाच. सेंटर फील्डमधला, म्हणजे मैदानाच्या समोरच्या टोकाचा, कॅमेरा कॅचरकडे रोखलेला. त्याचे चित्र बोळातल्या मॉनिटरवर. तिथला खेळाडू खूण वाचतो आणि बॅटने कचऱ्याच्या डब्यावर ठोका देतो. टाळ्या, शिट्ट्या, ओरडणे हे सगळे आधी करून पाहिले होते. डबा सर्वांत बरा ठरला. प्रेक्षकांच्या कलकलाटातही तो जड, ठोस आवाज वेगळा ऐकू येतो. आवाजाला 30 मीटर कापायला 0.09 सेकंद लागतात, ते फारसे नाही. खूण दाखवल्यापासून चेंडू सुटेपर्यंत काही सेकंद मिळतात. पाहणे, ओळखणे, ठोकणे, सगळे त्यात बसायला हवे.

एक किंवा दोन ठोके म्हणजे संथ अथवा वळणारा चेंडू. ठोका नाही म्हणजे फास्टबॉल. शांतताच निरोप ठरवल्यामुळे ठोके कमी लागतात, पण धोकाही त्यातच आहे. पाहणाऱ्याला खूण कळली नाही, उशीर झाला किंवा गर्दीत ठोका विरला, तर बॅटर फास्टबॉल धरून चालतो आणि समोरून कर्व्हबॉल येतो. चुकीची खात्री ही अजिबात माहिती नसण्यापेक्षा वाईट. बॅट चेंडूच्या कितीतरी आधी फिरून जाते.

हा आवाज पुराव्याच्या रूपात टीव्हीच्या रेकॉर्डिंगमध्ये राहून गेला. नोव्हेंबर 2019 मध्ये ॲस्ट्रोजचा माजी पिचर माइक फायर्स याने उघडपणे वाच्यता केल्यावर टोनी ॲडम्स या ॲस्ट्रोजच्याच चाहत्याने 2017 मधल्या 58 घरच्या सामन्यांचे 8,274 चेंडू एकेक करून तपासले. चेंडू सुटण्याआधीच्या आवाजाचा आलेख पडद्यावर काढायचा, त्यात ठोक्याची उभी रेघ दिसते का ते पाहायचे आणि कानाने खात्री करायची. 1,143 चेंडूंवर ठोके सापडले, म्हणजे जवळपास 14 टक्के. आपल्याच संघाविरुद्ध इतक्या चिकाटीने पुरावा मांडणाऱ्या या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

फायदा किती झाला? ते मोजणे अवघड. ॲस्ट्रोजचे बॅटर त्या वर्षी आदल्या वर्षापेक्षा खूपच कमी वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाले. पण डबा नसलेल्या परक्या मैदानांवरही त्यांची फलंदाजी घरच्याइतकीच चांगली होती. आकडे काहीही म्हणोत, नुकसान झालेली माणसे खरी आहेत. 4 ऑगस्ट 2017 रोजी टोरांटोचा पिचर माइक बोल्सिंगर ह्यूस्टनमध्ये आला, एकाच बॅटरला बाद करू शकला आणि 4 धावा देऊन बसला. ॲडम्सच्या नोंदीत सर्वाधिक ठोके याच सामन्यात आहेत. बोल्सिंगर मेजर लीगमध्ये त्यानंतर पुन्हा खेळला नाही.

13 जानेवारी 2020 च्या निकालाने संघाला 50 लाख डॉलर दंड झाला आणि दोन वर्षांचे पहिल्या व दुसऱ्या फेरीतले नवे खेळाडू निवडण्याचे हक्क गेले. जनरल मॅनेजर जेफ लुनाव आणि मॅनेजर ए. जे. हिंच एका वर्षासाठी निलंबित झाले आणि मालकाने त्याच दिवशी दोघांना काढले. खेळाडूंना मात्र खरे सांगण्याच्या बदल्यात अभय मिळाले. 2017 मध्ये ॲस्ट्रोजने जिंकलेले विजेतेपदही कायम राहिले. ते मला आजही खटकते.

पाहणारा, निरोप्या आणि बॅटर या साखळीची रचना जुनीच. 1900 मध्ये फिलाडेल्फियात राखीव कॅचर मॉर्गन मर्फी दूरच्या इमारतीतून दुर्बिणीने खुणा पाही आणि तारेने तिसऱ्या बेसजवळ जमिनीत पुरलेल्या बझरवर निरोप धाडी. सिनसिनाटीच्या टॉमी कोरकोरनने बुटांच्या खिळ्यांनी माती उकरली तेव्हा तो सापडला. 1951 मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने पोलो ग्राउंड्सवर हेच टेलिस्कोप आणि बझर वापरून केले. बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेत, बसलेला सॅल इव्हार्स हातातला चेंडू धरतो की उडवतो, यावरून बॅटरला समजे.

साखळी तोडायची तर वेळेवरच घाव घालावा लागतो. 2019 पासून खेळाडूंच्या आसपासचे टीव्ही 8 सेकंद उशिरा चालवले जाऊ लागले, म्हणजे खूण पडद्यावर येईपर्यंत चेंडू पडून गेलेला. 2022 मध्ये पिचकॉम हे बिनतारी यंत्र आले. जादूगारांसाठी उपकरणे बनवणाऱ्या मंडळींचे हे काम. कॅचरच्या मनगटावर नऊ बटणांची पट्टी असते. तो चेंडूचा प्रकार आणि जागा दाबतो, आणि पिचरच्या टोपीतल्या चपट्या स्पीकरमधून रेकॉर्ड केलेला आवाज कानाशी बोलतो, हवा तर स्पॅनिशमध्येही. संदेश सांकेतिक रूपात जातो. तीन क्षेत्ररक्षकही तो ऐकू शकतात. मोठ्या सामन्यांत गर्दीच्या गोंगाटात पिचरला ऐकू येत नाही, कधी यंत्रच बंद पडते. तेव्हा कॅचर पुन्हा बोटांवर येतो. म्हणून बोटांच्या खुणा अजून पाठ ठेवाव्या लागतात.

दुसऱ्या बेसवरचा धावपटू आता बोटांऐवजी पिचरचा ग्लोव्ह पाहतो. चेंजअपची पकड घेताना तो किंचित जास्त उघडतो का? आणि कॅचर आतल्या बाजूला सरकतो आहे की बाहेरच्या? हे नियमात बसते, आणि त्याला लागतात फक्त डोळे.