एन्सेलेडसवरील जीवसृष्टीची शक्यता

एन्सेलेडस हा शनीचा जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा, बर्फाच्छादित उपग्रह. विल्यम हर्शेल यांनी १७८९ मध्ये त्याचा शोध लावला. पृष्ठभागाचे तापमान उणे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असूनही पृथ्वीबाहेर जीवसृष्टी शोधण्यासाठी आज याहून आशादायक जागा क्वचितच असेल.

२००५ मध्ये शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या चार लांब भेगांमधून पाण्याची वाफ आणि हिमकण उसळताना आढळले. डायोनी या शेजारच्या उपग्रहाच्या ओढीमुळे एन्सेलेडसची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार राहते. त्यामुळे शनीचे गुरुत्वाकर्षण त्याला आलटून पालटून ताणते आणि सैल सोडते. या घर्षणातून आतली उष्णता टिकते. त्याच्या सूक्ष्म डोलण्याच्या मोजमापावरून बर्फाखाली सर्वदूर महासागर असल्याचे २०१५ मध्ये स्पष्ट झाले. तो तपासण्यासाठी बर्फ खोदावा लागत नाही, फवाऱ्यातून यान नेले तरी पुरते. संशोधकांच्या दृष्टीने हे विलक्षण भाग्य आहे.

फवाऱ्यांमध्ये क्षार, कार्बनी संयुगे, मिथेन आणि सिलिकाचे अतिसूक्ष्म कण सापडले. असे कण तयार व्हायला सुमारे ९० अंशांहून गरम पाणी लागते. म्हणजे सागरतळाशी खडक आणि उष्ण पाणी यांची गाठ पडत असावी. २०१७ मध्ये हायड्रोजन आढळल्याचे जाहीर झाले, तर २०२३ मध्ये फॉस्फेट, म्हणजे जीवांना आवश्यक असलेल्या फॉस्फरसचे संयुग. पृथ्वीवर अंधाऱ्या सागरतळाशी काही सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून मिथेन बनवून ऊर्जा मिळवतात. तशाच जीवांना लागणारी शिदोरी इथे आहे.

पण हायड्रोजनची साक्ष दुहेरी आहे. खाणारे भरपूर असते, तर एवढा हायड्रोजन शिल्लक का राहिला असता? मिथेनही जीवांशिवाय, केवळ खडक आणि पाण्याच्या अभिक्रियांतून तयार होऊ शकतो. त्यामुळे एन्सेलेडस जीवनाला अनुकूल आहे एवढेच आज म्हणता येते; तिथे जीव आहेत असे म्हणणे घाईचे ठरेल.

कॅसिनीची उपकरणे जीवशोधासाठी बनवलेलीच नव्हती. पुढच्या मोहिमेला अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या घटक-रेणूंची, ठेवण तपासावी लागेल. हे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या दोन ठेवणींत असतात: पृथ्वीवरचे जीव प्रथिनांसाठी जवळजवळ केवळ डाव्या ठेवणीची अमिनो आम्ले वापरतात, तर निर्जीव अभिक्रियांतून डावी-उजवी साधारण सारखीच निघतात. ही तपासणी निर्दोष व्हावी म्हणून सागर पृथ्वीवरच्या जंतूंपासून दूर ठेवणे आवश्यक होते. यासाठीच इंधन संपत आलेले कॅसिनी १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्या वातावरणात नेऊन नष्ट करण्यात आले.